पहिली भिक्षा घरची

९ एप्रिल १९७९

गोदीच्या शाळेच्या वहीत मागची पानं कोरी होती. चौथी पास बाईनं कायले लिहावं, असं कोणी म्हणन तर म्हणो. मले भांडायचं आहे अन् घरात भांडायले माणूस नाही. आमचे हे डोळे मिटून बसतात. भांडलं तर हसतात. हसणाऱ्या माणसाशी भांडून पाहा एकदा, डोकं भणभणते नुसतं.

झालं असं. गोदी आमची एकुलती एक. तिचं लग्न बपेरा गावच्या पोराशी ठरलं, मे महिन्याच्या नऊ तारखेचं. सगळं आसगाव खूश. मी पण खूश होती आज सकाळपर्यंत. सकाळी हे जेवायले बसले अन् घास मोडता मोडता म्हणाले, "देवका, गोदीचं ठरलं. माझं काम झालं. आता मी संन्यास घेतो म्हणतो."

जसं काही पवनीच्या बाजारातून बैल घेतो म्हणतो.

मी म्हटलं, "ठरलं. झालं नाही अजून."

"ठरलं म्हणजे झालंच. स्वामीजी वैशाख लागला की नर्मदेकडे निघतात. त्याच्या आधी दीक्षा व्हायले पाहिजे."

"अन् कन्यादान?"

"यादोराव करन ना."

यादोराव म्हणजे माझे दीर. माणूस चांगला आहे, पण गोदीचा बाप आहे काय तो? तव्यावरची पोळी जळत होती. जळू दिली. तीच त्यायच्या ताटात टाकली. ती पण हसत हसत खाल्ली. माय वो, काय करावं अशा माणसाले!

१२ एप्रिल

आज मठातून परसराम आला. पवनीजवळ नदीकाठी आमच्या यायच्या स्वामीजीचा मठ आहे, तिथला हा चेला. वाळून काडी झालेला पोरगेला माणूस. ओसरीवर बसला, ताक मागितलं, मी दिलं. मग हळूच म्हणे, "ताई, घरवालीनं हो म्हटल्याशिवाय स्वामीजी दीक्षा देत नाहीत. तुमची हो पाहिजे."

हे ऐकून मले केवढं बरं वाटलं! म्हणजे गाडीची खीळ माझ्या हातात आहे. मी म्हटलं, "माझी हो नाही. जा सांग."

"ताई, धर्माचं काम आहे..."

"लेकीचं कन्यादान काय अधर्माचं आहे? दहा तारखेले ये. तोवर कन्यादान झालेलं राहीन. मी स्वतः धोतर भगवं रंगवून देते म्हणावं."

"स्वामीजी थांबणार नाहीत."

"मग जाऊ दे त्यायले. नर्मदा काय आटून राहिली?"

हे खांबाला टेकून बसले होते. सगळं ऐकलं. परसराम गेल्यावर उठून गोठ्यात गेले अन् बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. इतक्या प्रेमानं कधी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी म्हटलं असतं, बाबा, जा.

नाही, नसतं म्हटलं. कायले म्हणायचं?

१६ एप्रिल

दोन दिवसांपासून अन्न घेत नाहीत. "तू हो म्हणेपर्यंत पाण्यावर राहीन." हे काय, पोरगं आहे का मेळ्यात खेळणं मागणारं?

मी वडे करायले लाखोरीची डाळ भिजवली होती, ती वाटत होती. पाहुण्यांच्या याद्या व्हायच्या, मांडवाच्या बल्ल्या आणायच्या, छपरावरचे कवेलू फेरायचे, अन् हे मागं मागं फिरून एकच रट: "देवका, हो म्हण. देवका, हो म्हण." शेवटी माझं टाळकं सरकलं. वाटणाचा वरवंटा ठेवला अन् म्हटलं, "जा! जा, आत्ताच्या आत्ता जा! धोतर बांधून देऊ काय?"

हे उठले. पायात वाहणा घातल्या अन् निघाले. मले वाटलं तलावावर बसतील, डोकं थंड झालं की येतील. नेहमी येतात.

१७ एप्रिल

आले नाहीत.

२० एप्रिल

मी कोणाले तोंड दाखवू?

यादोराव भाऊजी पवनीहून आले. दारातच बसले, आत येईनात. म्हणाले, "वहिनी, दादानं मुंडण केलं. वैनगंगेच्या घाटावर स्वतःचं श्राद्ध घातलं. स्वतःच्या हातानं स्वतःचा पिंड ठेवला. मी पोचलो तोपर्यंत सगळं झालं होतं."

मी म्हटलं, "माझी हो कुठं होती?"

"दादानं सांगितलं, तिनं जा म्हटलं."

जा म्हटलं! अरे, नवऱ्याले जा म्हणत नाही अशी बाई दाखवा मले या गावात! चुलीजवळ जा म्हटलं, भांडता भांडता जा म्हटलं, तर ती परवानगी? तसं असतं तर आसगावात एक नवरा घरी राहिला नसता. सगळा गाव मठात बसला असता भगवं घालून, अन् बाया धान कापत राहिल्या असत्या.

भाऊजी रडत होते. मले रडू आलं नाही. मले इतका राग आला की गोठ्यात जाऊन बैलाले दोन शिव्या घातल्या. बिचाऱ्याचा काय दोष.

२१ एप्रिल

गिरजाबाई आली. शेजारीण आहे, वीस वर्षं पाणी सोबत भरलं आम्ही. माझ्या कपाळाकडे पाहून राहिली. मग म्हणे, "देवकाबाई, भोजराजभाऊंचं श्राद्ध झालं म्हणतात. मग तुम्ही कुंकू... नाही, मी आपलं विचारते."

"काय विचारता? सरळ विचारा."

"श्राद्ध झालं म्हणजे माणूस गेला ना बाई. हळदीले सवाशीण लागते. बपेऱ्याचे लोक काय म्हणतील? यादोरावभाऊ अन् त्यायची बायको बसतील पाटावर, तुम्ही आपल्या घरात राहा. पोरीच्या चांगल्यासाठी म्हणते."

मी तिच्यासमोर कुंकवाचा करंडा आणला. आरसा आणला. अन् रुपयाएवढं कुंकू लावलं. तिले पण लावलं. "माणूस गेला नाही," म्हटलं, "पळाला. पळालेल्याचं सुतक नसते."

पण हे बाहेर चालते. आत काय चाललं ते माझं मले माहीत. माझ्या पोटची एकच पोरगी अन् तिच्या हळदीले मी दाराआड उभी राहायचं! अन् हे सगळं कोणामुळे? जो माणूस आयुष्यात कधी एका मुंगीवर पाय देत नव्हता, त्याच्यामुळे.

२३ एप्रिल

आज सकाळी दारात उभे.

सडा टाकत होती. मान वर केली तर परसराम, अन् त्याच्या मागं एक टकला भगवा माणूस. ओळखायले वेळ लागला. कान केवढे मोठे आहेत यायचे, केस गेल्यावर दिसले.

परसरामनं सांगितलं: मठाची रीत आहे, नवीन संन्याशानं पहिलं अन्न स्वतःच्या घरचं मागून खायचं. बायकोसमोर उभं राहायचं अन् म्हणायचं, "माई, भिक्षा वाढ." बायकोनं वाढली म्हणजे तिनं मनापासून सोडलं. तिनं वाढेपर्यंत दाण्याला हात लावायचा नाही. गावाबाहेर तलावाच्या पाळीवर महादेवाचं देऊळ आहे, तिथं राहतील, रोज सकाळी येतील.

म्हणजे श्राद्ध झालं तरी गाडी अडलीच आहे! स्वामीजी काही कच्चा नाही. 'जा' वर त्याचा पण भरोसा बसला नाही वाटते.

मी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बोला, काय पाहिजे?"

हे बोलेनात. ओठ हलले. माई म्हणायचं होतं, आवाज निघेना. परसराम खोकला. तरी नाही. मग मान खाली घालून वळले अन् गेले. मी दार आपटून लावलं. मग फटीतून पाहिलं, तलावापर्यंत कसे चालतात ते. पायाले वाहणा नाहीत. या उन्हात!

२४ एप्रिल

पुन्हा आले. मी आज सडा मोठा टाकला होता अन् रांगोळी पण काढली, लग्नघर आहे म्हणून. हिरवं लुगडं नेसली होती, ते वरच सापडलं म्हणून.

मी सरळ म्हटलं, "ऐका. नऊ तारखेले पाटावर बसा माझ्या बाजूले. गोदीचा हात जावयाच्या हातात द्या. मग सूपभर नाही, पोतंभर वाढते. स्वामीजी पुढं जाऊ द्या, मागून गाठाल."

"माझं श्राद्ध झालं, देवका. मेलेला माणूस पाटावर कसा बसन?"

"मेलेल्या माणसाले भूक कशी लागते मग?"

परसराम जमिनीकडे पाहत होता, मले वाटते हसत होता. हे मात्र वर पाहत होते. वर म्हणजे देवाकडे नाही, छपराकडे. मग म्हणतात, "पन्हाळीजवळचे कवेलू सरकले आहेत. मांडव घालायच्या आधी फेरून घे. नाहीतर पहिल्या पावसात भिंत भिजन."

परसराम म्हणे, "महाराज!" तेव्हा यायले भान आलं. गेले.

कवेलूची काळजी आहे, पोरीची नाही. राग येणार नाही तर काय येईन?

२६ एप्रिल

गावानं माझं जगणं मुश्कील केलं. विहिरीवर गेली तर बाया बोलणं थांबवतात. साधू उपाशी बसवला म्हणे मी. गावाले पाप लागन म्हणे. पाऊस पडणार नाही म्हणे. नाही पडला तर नाही पडला, तेही माझ्याच डोक्यावर फोडा! नवरा सोडून गेला तेव्हा कोणाले पाप दिसलं नाही. कोणी त्याच्या आडवं गेलं नाही. आता मूठभर तांदळासाठी सगळा गाव धर्म शिकवून राहिला मले.

गिरजाबाई लपून देवळात दूध घेऊन गेली होती. यायनं घेतलं नाही. मले बरं वाटलं. म्हणजे, तिची चांगली जिरली म्हणून बरं वाटलं.

सकाळी येतात, उभे राहतात, माई म्हणत नाहीत, जातात. मी पण वाढत नाही. पोट पार पाठीले लागलं आहे. आधीच पित्ताचा माणूस, उपाशी राहिलं की डोकं दुखते, अन् तिथं कपाळाले लावायले सुंठ कोण उगाळून देणार आहे? परसराम? त्याले स्वतःचं नाक पुसता येत नाही.

आज पातोडीचा रस्सा केला होता. यायले आवडते म्हणून नाही, बेसन होतं घरात. दार उघडं होतं, वास गेला असन रस्त्यापर्यंत. जाऊ दे.

२८ एप्रिल

बपेऱ्याहून निरोप आला. व्याही म्हणतात, आम्हाले पोरगी पसंत आहे, पण गावात साधू उपाशी बसवलेल्या घरात मांडव कसा घालायचा? हे मिटवा, नाहीतर लग्न पुढल्या साली.

पुढल्या साली! भाऊजी डोक्याले हात लावून बसले. म्हणाले, "वहिनी, वाढा एकदाची. दादा नाही येणार आता."

"येईन," मी म्हटलं. "भुकेनं येईन. माझा माणूस मले माहीत आहे."

गोदी भांडी घासत होती. तिनं हात थांबवले अन् माझ्याकडे पाहिलं.

२९ एप्रिल

सांगते. सगळं सांगते, जसं झालं तसं.

सकाळी आले. आज परसराम लांबच थांबला, रस्त्यावर. हे आंगणाच्या कडेला उभे राहिले. मी म्हटलं, "आत या. बसा. पाणी तरी घ्या."

यायनं माझ्याकडे पाहिलं. अन् म्हणाले, "माई, भिक्षा वाढ."

अडखळले नाहीत. आवाज कापला नाही. कोणत्याही दारात कोणत्याही बाईले म्हणावं तसं म्हटलं. पंचवीस वर्षं या माणसासाठी मी चूल फुंकली, याचे पाय दाबले, याच्या आईचं मरेपर्यंत केलं, अन् मी माई! माझ्या कानात घूं घूं झालं. मी म्हटलं, "नाही वाढत! मरा तिथंच!"

मागून गोदी आली. हातात सूप, सुपात तांदूळ, वर मिठाचा खडा अन् दोन मिरच्या. मले वाटलं, देवघरात ठेवायले चालली. ती माझ्या बाजूनं निघून गेली. मी हात धरला तर तिनं सोडवला. सरळ जाऊन यायच्या झोळीत सूप रिकामं केलं.

मी ओरडली, "गोदे! तुझ्याच कन्यादानासाठी चाललं आहे ना हे सगळं?"

"माझं लग्न आहे ना, आई? मग मले बाप पाटावर पाहिजे की नाही ते मी सांगन. मी सोडलं त्यायले."

"अन् मी?"

"तू पण सोड. माझं नाव पुढं करून कायले धरून बसली? रोज हिरवं लुगडं नेसून सडा टाकते, मले दिसत नाही काय?"

मी हात उगारला. लग्नाची पोरगी, म्हणून खाली घेतला. काय वाट्टेल ते बोलते. दुसरी लुगडी धोब्याकडे आहेत.

यायनं तांदूळ भरलेली झोळी खांद्यावर घेतली. गोदीच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवत नसतात म्हणे. लांबूनच म्हणाले, "माई, सुखी राहा."

पोटच्या पोरीले माई. गोदी तिथंच मट्कन खाली बसली अन् सुपात तोंड घालून रडायले लागली. बापासमोर नाही रडली, तो वळल्यावर रडली. अन् तो चालला होता. झोळी घेऊन, आरामात, तलावाच्या रस्त्यानं. सगळी गल्ली दारात उभी. गिरजाबाई हात जोडून.

मग मले काय झालं माहीत नाही. मी पदर खोचला, रस्त्याच्या मधोमध गेली, अन् सगळ्या गावासमोर ओरडली, "भोजराज!"

हे नाव लग्न झाल्यापासून मी तोंडातून काढलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असन दोन-चारदा, तेही हळदीकुंकवाले, लाजत. रेशनच्या दुकानात विचारलं तर गोदीले सांगायले लावायची. गल्लीतल्या बायांनी तोंडावर पदर घेतला. एक म्हातारी "अवो माय" म्हणाली. मी पुन्हा ओरडली. "ए भोजराज! ऐकून जा!"

संन्याशानं मागं वळून पाहायचं नसते. जुन्या नावाले ओ द्यायची नसते. परसरामनंच सांगितलं होतं मले, पहिल्या दिवशी.

तो थांबला. अन् वळला. लगेच वळला, घरी परसातून हाक मारली की वळायचा तसा. चेहरा पण तोच, काय आणू बाजारातून असं विचारणारा. परसराम धावत आला, "महाराज, नका! महाराज!" करत त्याचा हात ओढायले लागला.

मले बोलायचं होतं पुष्कळ. पंधरा दिवस रोज मनात घोकलं होतं, एकेक शिवी निवडून ठेवली होती. तो पाहत होता अन् मी पाहत होती. मग मले इतका राग आला, इतका राग आला की वळायचंच होतं तर गेला कायले मेल्या! मी गोदीले उठवलं, आत आणलं अन् दार लावून घेतलं.

नंतर पाहिलं नाही फटीतून. गोदीनं पाहिलं. म्हणे बराच वेळ उभे होते.

३ मे

स्वामीजी अन् त्यायची मंडळी नर्मदेकडे गेली. तो पण गेला. देवळात चूल मांडून तांदूळ शिजवले होते म्हणे, मीठ मिरची टाकून. भात कच्चा राहिला होता, परसरामनं जाता जाता सांगितलं. राहणारच. कधी चुलीजवळ बसला तो?

कवेलू फेरून घेतले.

७ मे

आज हळद कुटायले बाया बोलावल्या. उखळाभोवती सगळ्या बसल्या अन् मुसळ कोणी उचलेना. गिरजाबाई माझ्याकडे पाहे, मी तिच्याकडे. मी म्हटलं, "ज्या बाईले वाटत असन की मी लावलेल्या हळदीनं माझ्या पोरीचं वाईट होईन, तिनं आत्ता उठून घरी जावं. मागून बोललेलं मी ऐकून घेणार नाही." अन् पहिला घाव मीच घातला. कोणी उठलं नाही. थोड्या वेळानं गिरजाबाईनं दुसऱ्या बाजूनं मुसळ धरलं. आम्ही दोघींनी मिळून कुटली. डोळ्यात हळद गेली तिच्या पण अन् माझ्या पण.

सांजच्याले भटजी आले, भाऊजी होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, मी अन् ही बसतो कन्यादानाले."

"नाही. मी बसणार."

"एकटी बाई?"

भटजी शहाणा माणूस. थोडा विचार केला अन् म्हणाले, "बसू द्या त्यायले. यजमान तीर्थाले गेले आहेत असं धरू. बाजूच्या पाटावर त्यायच्या नावाची सुपारी ठेवू. शास्त्रात बसते."

मी म्हटलं, "ठेवा. सुपारीच बरी. बसवली तिथं बसून तर राहते."